साहेब यायच्या दिवसाची फक्की

खैरटोल्याच्या शाळेत मुख्याध्यापक कोण, असं विचारलं तर पोरं सांगायची, टिकाराम गुरुजी. आणि शाळा कोणाची, असं विचारलं तर सांगायची, कुंतामावशीची. खुद्द गुरुजींच्या कानावरही हे आलं होतं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, कारण शाळेच्या किल्ल्या कुंताबाईच्या कमरेला असायच्या आणि गुरुजींना रोज सकाळी त्या मागून घ्याव्या लागायच्या.

कागदावर कुंताबाई फक्त खिचडी शिजवणारी. बावीस वर्षं झाली. पण शाळेला शिपाई नाही, म्हणून घंटा तिची, झाडू तिचा, पाण्याची टाकी तिची, आणि पहिलीतल्या पोरांचे हलणारे दात दोरा बांधून उपटायचे तेही तिनेच. दोरा बांधून झाला की ती विचारायची, "तुह्या मामाचं गाव कोणतं गा?" पोरगं "सानगडी" म्हणायला तोंड उघडायचं, तोवर दात बाहेर. अशी ही बाई. तोंडाची फटकळ आणि हाताची सैल, म्हणजे वाढायला सैल. मारायला तिने कधी हात उचलला नाही, तिच्या तोंडापुढे त्याची गरजच पडत नव्हती.

शाळेच्या भिंतीला भिंत लावून राइस मिल. उसना तांदूळ करायची मिल. म्हणजे धान आधी हौदात भिजत घालायचं, मग बॉयलरच्या वाफेवर उकडायचं, मग वाळवून सडायचं. बॉयलरमध्ये जळतो तो धानाचाच कोंडा. दिवाळी झाली, नवं धान आलं, की ती मिल जी पेटायची ती थेट उन्हाळ्यापर्यंत. त्यात थंडीच्या दिवसांत धूर वर जायचं नाव घेत नाही. धुराड्यातून निघायचा आणि शाळेच्या अंगणात येऊन बसायचा.

वर्गाच्या मिलकडच्या खिडक्या उघडल्या तर वहीवर काळी राख पडे. बंद केल्या तर खिचडीच्या खोलीतला चुलीचा धूर व्हरांड्यातून आत शिरे आणि तिथेच मुक्काम करी. गुरुजींनी दोन्ही करून पाहिलं. शेवटी त्यांनी अर्ध्या खिडक्या उघड्या आणि अर्ध्या बंद असा तोडगा काढला, त्यामुळे पोरांना दोन्हीकडचा धूर मिळायला लागला.

आता तुम्ही म्हणाल, चूल कशाला? गॅस नव्हता का? होता ना. शेगडी होती, सिलिंडरही होतं. सिलिंडर बारा दिवसांत संपायचं आणि दुसरं यायचं तेव्हा यायचं. आणि खरं सांगायचं तर कुंताबाईचं मन चुलीवरच होतं. गॅसवरच्या खिचडीला चव नसते, असं ती म्हणे आणि भरलेलं सिलिंडरही कोपऱ्यात तसंच ठेवी. याबाबतीत बाई हट्टी, ती काही सगळ्याच बाबतीत शहाणी होती असं माझं म्हणणं नाही.

खिचडी वाढताना ताटात काळे कण दिसायचे. नवं पोरगं विचारायचं, "मावशी, हे काय होय?" कुंताबाई म्हणायची, "मोहरी होय. खाय मुकाट्यानं." जुन्या पोरांना ठाऊक होतं की ती मोहरी नव्हे, मिलची राख. पण मावशी मोहरी म्हणते आहे तर मोहरी, असं म्हणून ती खात. स्वतः कुंताबाई मात्र पौर्णिमेला विहारात वंदनेला नेसायचं पांढरं लुगडं घराच्या आत वाळत घाली. बाहेर घातलं की त्याच्यावर मोहरी पडायची.

पोरं खोकायची. सगळ्यांत जास्त खोकायची ती पहिलीतली गुड्डी. बेचा पाढा म्हणायला उभी राहिली की बे चोक आठपर्यंत पोचायची आणि पुढचे आकडे खोकल्यात जायचे. ही गुड्डी कोणाची, तर विनोदची. आणि विनोद कोण, तर मिलच्या बॉयलरवरचा मुकादम. हाच विनोद शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्षही. आणि या अध्यक्षाचा पुढचा दात कोणी उपटला होता, तर कुंताबाईनेच. चौथीपर्यंत तिच्याच हातची खिचडी खाऊन वाढलेला पोरगा तो. ती अजून त्याला विन्याच म्हणायची, अध्यक्ष झाला तरी.

आता फक्कीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

शाळेत कोणी साहेब येणार असला की फाटकापासून व्हरांड्यापर्यंत चुन्याच्या दोन पांढऱ्या रेघा ओढायच्या, याला फक्की टाकणं म्हणतात. साहेब त्या रेघांच्या मधून चालत येतो. रेघा नसत्या तर तो वाट चुकून बांधावरून गेला असता की काय, कोण जाणे. खैरटोल्यात हे काम अर्थातच कुंताबाईचं. तिने तेलाच्या डब्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली होती, त्यात चुना भरायचा आणि डबा हलवत चालायचं. तिच्या रेघा गुरुजींच्या फळ्यावरच्या रेघांपेक्षा सरळ यायच्या.

साहेब येणार म्हटलं की फक्की, हे जसं शाळेला ठाऊक, तसं मिललाही ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी परीक्षा बघायला आलेल्या एका साहेबाच्या चहात राख पडली होती आणि त्याने मिलवाल्या शेठजींना चारचौघांत झाडलं होतं. तेव्हापासून शेठजींचा हुकूम सुटला: शाळेत फक्की दिसली की बॉयलर बंद. मिलच्या गोदामाच्या वरच्या खिडकीतून शाळेचं अंगण दिसतं. फक्की पडली की विनोद बॉयलर थंड करायचा, आणि साहेब लोक येऊन म्हणायचे, काय स्वच्छ हवा आहे हो तुमच्या गावाची.

या हिवाळ्यात साहेब आला तो हवाच मोजायला. जिल्ह्यातल्या कारखान्यांजवळच्या शाळांची हवा तपासायची, आत किती घाण, बाहेर किती घाण, असं काहीतरी काम निघालं होतं. साहेबाकडे एक पांढरी पेटी होती, तिच्यावर लाल आकडे दिसायचे. आकडा वाढला की हवा वाईट. ती पेटी विजेवर चालायची आणि शाळेत धड चालणारा प्लग एकच, तो खिचडीच्या खोलीत. साहेबाने पेटी चुलीपासून दीड हातावर ठेवली. बाहेर फक्की पडलेली, मिल थंड, धुराड्यावर कावळा बसलेला. आत चुलीवर सत्तर पोरांची खिचडी. आकडा असा चढला की साहेब स्वतःच खोकत बाहेर आला. अहवाल आला: बाहेरची हवा बरी, शाळेतल्या धुराचं कारण, स्वयंपाकाची चूल.

हा अहवाल समितीच्या बैठकीत वाचला गेला. विनोदने खिशातून एक कागद काढला आणि मान खाली घालूनच वाचला. चुलीच्या धुरामुळे पोरांच्या आरोग्यास धोका आहे, वारंवार सांगूनही कुंताबाई गॅस वापरत नाहीत, सबब पुढच्या महिन्यात हवा पुन्हा मोजली जाईल तेव्हाही दोष चुलीचाच निघाला तर कुंताबाईंना कामावरून काढावं आणि जेवण बाहेर शिजवून मिलच्या गाडीतून आणावं.

गुरुजी चष्मा पुसत बसले.

"काय गा विन्या," कुंताबाई म्हणाली, "हे अक्षर तुहं नाई. तुह्या अक्षरात 'आरोग्य' नीट येतच नाई."

"मावशी, मी अध्यक्ष म्हणून..."

"हाव, अध्यक्ष. जेवला का नाई आज?"

विनोद उठून गेला. कुंताबाई मात्र घरी येऊन चुलीपुढे बसली ती तशीच. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पोरगी लग्न होऊन गोसीखुर्दकडे गेली. सकाळी उठून कुठे जायचं तर शाळेत, एवढं एकच तिला ठाऊक होतं. सत्तर पोरं "मावशी, मले अजून" म्हणून ताट पुढे करतात, तो आवाज बंद झाला तर दिवसाचं काय करायचं, या विचाराने तिला रडू आलं. आणि रडताना खोकलाही आला, बावीस वर्षांच्या चुलीचा. तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं, चुलीचा दोष अगदीच नाही असंही नाही. पण एकट्या चुलीचा? छे!

शेजारची मालनबाई मिलमध्ये धान पसरायच्या कामावर होती. बॉयलर आणि फक्कीची गंमत कुंताबाईला तिनेच सांगितली. आजवर हे गुपित मिलच्या भिंतीआडच होतं.

"म्हणजे मी चुना टाकतो अना तिकडं मिल बंद होते?" कुंताबाईने डोळे पुसले. "दोन वर्सांपासून?"

"हाव ना वं. फक्की दिसली का भोंगा वाजते, अना आमाले सुट्टी."

कुंताबाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मालनबाई नंतर सगळ्यांना सांगायची, मले तवाच समजलं होतं का आता काही खरं नाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या अंगणात फक्की पडली. गुरुजी दचकले. "कुंताबाई, कोण येणार आहे? मला तर पत्र नाही!"

"कोणी नाई येऊन राहिलं गुरुजी. पोरायले कबड्डी खेळाची हाय. मैदान आखून देल्लं."

कबड्डीचं मैदान चांगलं फाटकापासून व्हरांड्यापर्यंत लांब होतं. गुरुजींनी ते चालवून घेतलं, खेळाचा तास त्यांनाही हवाच होता. भिंतीपलीकडे भोंगा वाजला. धुराड्यातला धूर विरळ झाला, मग थांबला. दुपारपर्यंत आकाश निळं दिसायला लागलं. पोरं धावली, पडली, भांडली, पण खोकली फार थोडी.

तीन दिवसांनी खो-खो. मग लेझीम. मग सव्वीस जानेवारीची तालीम. ती तारीख अजून बरीच लांब होती, पण तयारी आधीच केलेली बरी असं कुंताबाईचं म्हणणं. पाचव्या वेळी तिने गुरुजींना गळ घातली आणि अंगणभर चुन्याने भंडारा जिल्ह्याचा नकाशा काढून घेतला, वैनगंगेसह. पोरं वैनगंगेच्या काठाकाठाने तुमसरहून पवनीला धावत जाऊन आली. गुरुजींना वाटलं, भूगोल इतका सोपा असतो हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही.

आणि गुड्डीने एका फक्कीच्या दिवशी बेचा पाढा पूर्ण म्हटला. बे दाहे वीस म्हणून झाल्यावर तीच इकडेतिकडे पाहायला लागली, आता पुढे काय करायचं म्हणून. इथपर्यंत ती आजवर कधी आलीच नव्हती.

तिकडे मिलमध्ये काय चाललं होतं ते मालनबाईकडून रोज संध्याकाळी कळायचं. बॉयलर बंद करणं म्हणजे बटण दाबणं नव्हे. पुन्हा वाफ धरायला अर्धा दिवस जातो. तोवर हौदात भिजलेलं धान आंबतं. सातव्या फक्कीला दोन हौद धान असं आंबलं की त्याचा वास पार बसथांब्यापर्यंत गेला. एसटीतून उतरणारे लोक नाकाला रुमाल लावून गावात शिरायचे.

त्या दिवशी विनोद भिंतीपलीकडून टाचा उंचावून डोकावला. "मावशी, साहेब कुठं हाय?"

"कोणता साहेब?"

"फक्की टाकली ना तुमी!"

"फक्की टाकाले साहेब लागते का गा? काहून, तुले काही तरास होऊन राहिला का?"

विनोदने फाटकाशी खेळणाऱ्या गुड्डीकडे पाहिलं आणि त्याचं डोकं भिंतीआड गेलं.

संध्याकाळी मालनबाई धापा टाकत आली. "खेळ खलास वं कुंता! शेठनं विनोदले बलावलं अना लय झाडलं. विनोदनं सांगून टाकलं का बुढी आपल्याले खेळवून राहिली. आता शेठ म्हणते, फक्की पडो नाईतर सोनं पडो, बॉयलर बंद कराचा नाई."

आता कोणालाही वाटेल, कुंताबाई खट्टू झाली असेल. ती थोडीशी झालीही. विन्याने चुगली करावी हे तिला लागलं. पण तिने बोटांवर दिवस मोजले. महिना भरत आला होता. तिने एवढंच म्हटलं, "असं म्हणते का शेठ? बरं म्हणते."

आणि त्याच आठवड्यात गुरुजींना पत्र आलं. गुरुवारी हवा मोजणारं पथक येणार. गुरुजींनी रीतीप्रमाणे सांगितलं, "कुंताबाई, फक्की." कुंताबाईने रीतीप्रमाणे टाकली. लपवाछपवी नाही, काही नाही. दिवसाउजेडी, दोन सरळ पांढऱ्या रेघा, फाटकापासून व्हरांड्यापर्यंत. भिंतीपलीकडे आज भोंगा वाजला, तर तिची चूल आणि तिची नोकरी दोन्ही त्याच दिवशी विझणार होत्या. ती कान देऊन उभी राहिली. भोंगा वाजला नाही.

मग तिने दुसरी गोष्ट केली. त्या दिवशी तिने चूल पेटवलीच नाही.

"अहो, आणि पोरांच्या पोटाचं काय?" गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. "ठरलेली खिचडी आहे आज!"

"दहीपोहे हाय. पोहे भिजवले, दही कालवलं, मीठ टाकलं. कांदा चिरला बारीक. एक दिवस खिचडी नाई खाल्ली तर कोणी मरत नाई. लिवा तुमच्या वहीत, कुंताबाईनं ऐकलं नाई म्हणून."

साडेदहाला पथक आलं. पथक म्हणजे एक तरुण मॅडम, पाठीवर पिशवी, सोबत गाडीचा ड्रायव्हर. दीपमाला मॅडम नाव. पांढऱ्या रेघांच्या मधून न येता ती सरळ बाजूने आली आणि पहिलंच बोलली ते असं, "हा चुना इतका कशाला टाकता? हाही पोरांच्या नाकात जातो की."

कुंताबाईला बाई एकदम आवडली.

या वेळच्या पेट्या तीन होत्या आणि बॅटरीवर चालणाऱ्या. एक अंगणात ठेवली, एक वर्गात, एक खिचडीच्या खोलीत. मॅडमने चुलीवर हात ठेवून पाहिला. चूल थंडगार होती. राखही काढून टाकलेली. मॅडमने वहीत तसं लिहिलं.

अकरा वाजता वारा फिरला. भिंतीपलीकडे मिल पूर्ण जोरात होती. आंबलेल्या धानाचा खाडा भरून काढायला शेठजींनी कोंडा दुप्पट टाकायला लावला होता म्हणे. धुराड्यातून काळा लोट निघाला आणि शाळेवर उतरला. पेट्यांवरचे आकडे चढायला लागले. अंगणातली पेटी पुढे, वर्गातली तिच्या मागे, आणि चूल थंड असूनही खिचडीच्या खोलीतली पेटीसुद्धा. गुरुजींनी घाईघाईने खिडक्या लावल्या, तर आतला आकडा खाली यायलाच तयार नाही. शिरलेला धूर आतच अडकला. बे चोक आठवर गुड्डीला खोकल्याची ढास लागली आणि ती खाली बसली.

दुपारची सुट्टी झाली. पोरं व्हरांड्यात रांगेने बसली. कुंताबाईने दहीपोहे वाढले, मॅडमलाही एक ताट दिलं. पांढरेशुभ्र पोहे, पांढरं दही. मॅडमने पहिला घास उचलेपर्यंत त्याच्यावर काळे ठिपके पडलेले. तिने बोटाने एक ठिपका बाजूला केला.

"मोहरी जरा करपली का हो मावशी?"

बावीस वर्षं कुंताबाई या प्रश्नाला एकच उत्तर देत आली होती. आज तिने पदर खोचला.

"मॅडम, चूल पेटली नाई. चूल पेटली नाई तर फोडणी कुठून येईल? अना फोडणीच नाई तर मोहरी कुठून येईल?"

व्हरांड्यातली सत्तरच्या सत्तर पोरं खदाखदा हसली. मॅडमने वर धुराड्याकडे पाहिलं, खाली ताटाकडे पाहिलं, आणि ताटाचा फोटो काढला. मग अंगणातल्या फक्कीचाही काढला. सकाळच्या पांढऱ्या रेघा दुपारपर्यंत करड्या झाल्या होत्या.

इथे थांबली असती तर ती कुंताबाई कसली. ती म्हणाली, "आता थांबा, मी चूल पेटवतो. तिचाबी आकडा लिवा. चोर एक नाई, दोन हाय. लहान चोर माह्या घरचा हाय, त्यालेबी पकडा." तिने चूल पेटवली, पेटीवरचा आकडा आणखी वर गेला, आणि कुंताबाई त्या आकड्याकडे पाहत राहिली. "आव माय," ती हळूच म्हणाली, "एवढा धूर मी खाल्ला का बावीस वर्सं?" मग तिने स्वतःच पाणी ओतून चूल विझवली.

या वेळच्या अहवालात दोन्ही चोर होते. मोठा दोष मिलचा, त्यांनी धुराड्याला राख धरायचं यंत्र बसवावं आणि तोवर शाळेच्या वेळात बॉयलर बंद ठेवावा. लहान दोष चुलीचा, शाळेने वर्षभर गॅस द्यावा. समितीच्या बैठकीत गुरुजींनी तो मोठ्याने वाचला, 'मोठा दोष' हे दोन शब्द दोनदा. विनोदने मागचा कागद खिशातून काढला आणि फाडला. कुंताबाईची नोकरी राहिली. तिने कोणाचे आभार मानले नाहीत, म्हणाली, "भांडे घासाचे हाय मले," आणि निघून गेली.

चार दिवसांनी सकाळी विनोद शाळेत आला. खांद्यावर सिलिंडर. त्याने ते कोपऱ्यात ठेवलं, शेगडीला जोडलं, पेटवून दाखवलं. मग तिथेच उकिडवा बसला, चौथीत बसायचा तसा.

"मिलवर नाई गेला का गा?" कुंताबाईने विचारलं. तिचा राग अजून गेला नव्हता.

"बॉयलरवरून काढलं मले. शेठनं गोदामात टाकलं, पोते मोजाले."

"काहून?"

"त्या गुरुवारी शेठनं फोन केला होता. म्हणे, फक्की पडली म्हणतात, खरंच कोणी साहेब येऊन राहिला का? मी म्हटलं, नाई शेठ, बुढीचा खेळ होय, चालू राहू द्या."

"तुले तसंच वाटलं असन ना. मीच तर सवय लावली होती."

विनोद खाली पाहत शेगडीची ज्योत लहानमोठी करत राहिला.

"मले तिसऱ्याच फक्कीले समजलं होतं मावशी, का साहेब-बिहेब कोणी नाई. तुमी आमाले बनवून राहिल्या."

कुंताबाईच्या हातातला झारा थांबला. "मंग सात वेळा बॉयलर बंद काहून केला?"

"फक्कीच्या दिवशी गुड्डी खोकत नव्हती."

बाहेर पोरं प्रार्थनेला उभी राहत होती. गुरुजी रांग सरळ करत होते.

"मी शेठले म्हणत होतो, फक्की पडली, बंद कराच लागते. धान आंबलं तवा शेठनं धरलं मले, मंग तुमचं नाव सांगा लागलं. अना तो कागद... तो त्यायनंच लिवून देल्ला होता मावशी. मी वाचला. वाचाले नव्हता पाहिजे."

"अना गुरुवारी? गुरुवारी खरंच साहेब हाय, हे तुले मालूम होतं का?"

विनोदने मान वर केली. त्याचा तो पुढचा दात अजून जरा वाकडाच होता, घाईत उपटल्याने.

"वरच्या खिडकीतून पाहिलं ना मी. फक्की तर रोजचीच. पण चौथीत होतो तवापासून आजवर सकाळी तुमच्या खोलीतून धूर निघाला नाई असा एक दिवस मी पाहिला नाई. त्या दिवशी नाई निघाला. मंग मी कोंडा टाकणाऱ्याले म्हटलं, टाक गा, दाबून टाक."

महिनाभर आपण साऱ्या गावाला नाचवलं अशा तोऱ्यात कुंताबाई होती, आणि हा कालचा पोरगा तिसऱ्याच फक्कीपासून सगळं समजून मूग गिळून बसला होता. तिचे डोळे चुरचुरायला लागले. या वेळी दोष कोणत्याच धुराचा नव्हता.

तिने ताट घेतलं. गॅसवरची पहिली खिचडी उतरवली होती, तिच्यातल्या दोन पळ्या वाढल्या, वर तेल घातलं, आणि ताट त्याच्यापुढे सरकवलं. विनोदने घास घ्यायला हात घातला आणि थबकला. बोटावर एक काळा दाणा घेऊन त्याने तो उजेडात धरला.

"मावशी, मिल तर बंद हाय. हे काय होय?"

कुंताबाईने पदराने डोळे टिपले.

"मोहरी होय," ती म्हणाली. "खाय मुकाट्यानं."